नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) जुनी अल्टो सिग्नलवर तापते, हायवेवर मात्र ठीक: तपासणी कुठून सुरू करावी?

वर्धारोडवाला

गाडी मारुती अल्टो, २००७ ची, ७९६ सीसी एमपीएफआय (पेट्रोल किती टाकायचं ते कॉम्प्युटर ठरवतो), पेट्रोल, एसीवाली. एमएच-३१ (नागपूर) पासिंग, किलोमीटर १ लाख २० हजारांच्या आसपास.

सकाळी नऊपर्यंत काही त्रास नाही. अकरानंतर एसी लावून सीताबर्डीच्या गर्दीत निघालं की व्हेरायटी चौकाच्या सिग्नलपर्यंत तापमानाचा काटा पाऊण भागावर जातो. एसी बंद केला की चार-पाच मिनिटांत हळूहळू खाली येतो. तीच गाडी भर दुपारी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत ८० च्या वेगाने नेली, एसी चालू ठेवून, तर काटा अर्ध्याच्या वर जात नाही. सिग्नलवर उभं राहिलं की एसीची हवाही कोमट होते, गाडी चालायला लागली की परत थंड.

पाणी कमी होत नाही, बाटलीतली पातळी तशीच आहे. पण रेडिएटरची टोपी थंड असताना उघडली तर पाणी तांबूस दिसलं. आधीच्या मालकाने कूलंट कधी टाकलंच नसावं. एक मेकॅनिक म्हणतो थर्मोस्टॅट (इंजिन गरम झालं की पाण्याची वाट उघडणारी झडप) काढून फेका, दुसरा म्हणतो रेडिएटर बदला. उगाच खर्च नाही करायचा. आधी काय पाहावं?

तेल_पाणी_हवा

भाऊ, अजून काहीच बदलू नका. अर्धं निदान तुमच्या वर्णनातच आहे.

इंजिन कधी तापतं, हे सगळ्यात आधी पाहायचं. उभ्या गाडीत तापते आणि वेगात ठीक राहते, याचा अर्थ रेडिएटरमधून हवा पुरेशी जात नाही. वेगात हवा आपोआप घुसते, उभ्या गाडीत ती फक्त पंखा ओढतो. याच्या उलट, शहरात ठीक आणि हायवेवर चढावर काटा वर गेला असता तर पाण्याकडे पाहावं लागलं असतं: आतून बुजलेला रेडिएटर, पूर्ण न उघडणारा थर्मोस्टॅट, पात्या झिजलेला वॉटर पंप. आणि थंड इंजिन चालू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा लाल पट्ट्यात गेला तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधलं पॅकिंग) गेलंय. तुमचा प्रकार पहिला. त्यात एसीही सिग्नलवरच कोमट होतो, कारण कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच बसलेला असतो आणि त्यालाही तीच हवा लागते. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच असण्याची शक्यता मोठी.

मे महिन्यातच का? पाणी ९५ अंशांवर आणि बाहेर हवा १५ अंश असेल तर फरक ८० अंशांचा. नवतप्यात हवा ४५ अंश, म्हणजे फरक ५० चा. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण उष्णता बाहेर टाकण्याची ताकद ढोबळ मानाने तीन-अष्टमांशाने कमी. वर एसी लावला की कंडेन्सर त्या हवेला आणखी तापवून रेडिएटरकडे पाठवतो. हिवाळ्यात अशक्त पंखा खपून जातो, मेमध्ये उघडा पडतो.

आता पंख्याची तपासणी. क्रम बदलू नका आणि हात, ओढणी, बाही पंख्यापासून लांब ठेवा. तो कधीही अचानक सुरू होतो.

इंजिन चालू करून एसी लावा. पंखा लगेच फिरायला हवा. तुमच्या गाडीत रेडिएटरचा आणि कंडेन्सरचा असे दोन पंखे असतील तर दोन्ही पाहा. फिरत असेल तर वर्तमानपत्राचा अर्धा कागद समोरच्या जाळीवर धरा. कागद जाळीला चिकटून राहायला हवा. चिकटत नसेल तर पंखा अशक्त आहे किंवा मधे घाण आहे. कागद बाहेर ढकलला जात असेल तर पंखा उलटा फिरतोय: मोटर बदलताना वायरी अदलाबदल झाल्या की हे होतं, आणि वरवर पाहिलं तर पंखा चालू दिसतो म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

पंखा मुळीच फिरत नसेल तर आधी फ्यूज पाहा. मग त्याचा रिले (करंट चालू-बंद करणारी छोटी डबी) काढून त्याच आकाराचा, तेच आकडे असलेला हॉर्नचा रिले तिथे लावून पाहा. त्यानेही नाही झालं तर मोटरचा कनेक्टर काढा आणि २० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या वायरने बॅटरीतून मोटरला थेट करंट द्या. फिरली तर मोटर बरी, दोष वायरिंग, रिले किंवा सेन्सरचा. मोटरच्या पाठीवर हलकी टिचकी मारल्यावरच फिरत असेल तर आतले कार्बन ब्रश संपलेत.

एसी लावल्यावर फिरतो, पण एसीविना इंजिन तापलं तरी फिरत नाही, असं असेल तर कूलंटच्या तापमानाचा सेन्सर तपासा. दोन वायरींचा असतो. कनेक्टर काढून मल्टिमीटरने रोध मोजायचा: २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम, ४० अंशांना सव्वा किलोओहमच्या आत, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. मीटरचा काटा हलवणारा सेन्सर बहुतेक जुन्या मारुतींत वेगळा, एका वायरचा असतो. म्हणून काटा बरोबर दाखवतो यावरून कॉम्प्युटरलाही तापमान बरोबर कळतं असं धरू नका.

आणि फिरणारा पंखा म्हणजे चांगला पंखा नाही. एसी चालू, पंखा फिरत असताना आधी बॅटरीच्या टर्मिनलवर व्होल्ट मोजा, मग कनेक्टरच्या मागून सुया घालून पंख्याच्या दोन वायरींवर मोजा. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जुन्या गाडीत हा आकडा कोणी पाहत नाही आणि दोष बहुधा इथेच निघतो.

जाळी_साफ

वरच्या उत्तरात एक जोड. समोरून पाणी मारून कंडेन्सर स्वच्छ दिसला म्हणून थांबू नका. खरी घाण कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत असते: धूळ, किडे, प्लास्टिकचे तुकडे, सावरीचा कापूस. समोरूनही दिसत नाही, मागूनही नाही. रेडिएटरचे वरचे बोल्ट काढून तो इंजिनाकडे थोडा कलता करा, होज (पाण्याच्या रबरी नळ्या) ताणू नका, आणि टॉर्चने आत पाहा.

धुताना पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारायचं, म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते. गाडी धुण्याच्या सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारू नका, जाळीच्या पात्या वाकतात आणि वाकलेली पाती हवा अडवते. घरच्या नळाची साधी धार पुरते. मोटरवर आणि कनेक्टरवर पिशवी बांधा.

पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण आणि कडेच्या फोमच्या पट्ट्या जागेवर आहेत का तेही पाहा. बंपरचं काम झालेल्या गाड्यांत त्या परत बसवलेल्या नसतात. मग पंखा बाहेरची हवा न ओढता बोनेटखालचीच गरम हवा गोल गोल फिरवत राहतो.

कामठीरोड_८००

याच विषयात विचारतो. माझी मारुती ८०० आहे, १९९८ ची, कार्बोरेटरवाली. काटा अर्ध्यावरच असतो, पण दुपारी गर्दीत इंजिन आचके देऊन बंद पडतं आणि वीस-पंचवीस मिनिटं सुरूच होत नाही. थंड झालं की जसं काही झालंच नाही. हेही तापण्याचंच आहे का?

तेल_पाणी_हवा

तापण्याचंच, पण पाण्याशी संबंध नाही. दोन संशयित: पेट्रोलची वाफ धरणं किंवा गरम झाल्यावर मान टाकणारी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देते ती). गाडी बंद पडलेली असतानाच तपासायचं, थंड झाल्यावर दोन्ही निर्दोष दिसतात.

डिकीत एक जादा स्पार्क प्लग ठेवा. बंद पडली की एका प्लगची वायर काढून या प्लगला लावा, प्लगचा धातूचा भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा, हात दूर ठेवून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. आसपास पेट्रोल सांडलेलं किंवा गळत असेल तर हे करायचंच नाही. ठिणगी नाही किंवा पिवळसर, अशक्त आहे: कॉइल किंवा इग्निशन मॉड्यूल. ठिणगी निळी, कडक आहे: पेट्रोलकडे वळा. एअर फिल्टरचं झाकण काढा, इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटरची तार हाताने ओढा आणि कार्बोरेटरच्या तोंडात पाहा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसायला हवी. दिसत नसेल तर कार्बोरेटरमधला पेट्रोल साठणारा कप कोरडा आहे, पेट्रोल पोचतच नाही.

या इंजिनाचा पेट्रोल पंप यांत्रिक, इंजिनालाच बसवलेला, त्यामुळे तो तापतो आणि आतलं पेट्रोल वाफ होतं. ओला फडका पंपावर दोन-तीन मिनिटं ठेवल्यावर गाडी सुरू झाली तर निदान पक्कं. पण रोज फडका ठेवणं हा इलाज नाही. पंप आणि इंजिन यांच्या मधला उष्णतारोधक जाड तुकडा जागेवर आहे का पाहा, नवीन पंप बसवताना तो गायब होतो. टाकीकडे परत जाणारी बारीक नळी काढून फुंकून पाहा, ती बुजली तर गरम पेट्रोल पुढेच अडकून राहतं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टजवळून जात असेल तर लांबून फिरवून क्लिप मारा. टाकीच्या टोपीचं हवेचं छिद्रही मोकळं हवं. टोपी सैल केल्यावर सुस्कारा ऐकू आला आणि गाडी सुरू झाली तर दोष तिथेच.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. १९९८ च्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नाहीत: आतून फुगतात, मऊ पडतात, आणि टाकीतला जुना थर सुटून फिल्टरमध्ये येतो. इथेनॉल चालणाऱ्या नळ्या आणि नवीन फिल्टर एकदाच टाकून घ्या. नळीला नख लावल्यावर काळं लागत असेल तर आजच. ती गळली तर आगीचा धोका आहे.

बोअरचं_पाणी_नको

मूळ प्रश्नाकडे. पंखा पाहायचाच, पण तांबूस पाणी आणि थर्मोस्टॅट यांबद्दल बोलायलाच हवं.

थर्मोस्टॅट काढून टाकणं हा इलाज नाही, हे मेकॅनिकला ठामपणे सांगा. नागपूरच्या जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली येतो. थर्मोस्टॅट नसेल तर इंजिन तापायलाच उशीर लागतो. कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं, तो जास्त पेट्रोल टाकत राहतो, ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, ऑइलमध्ये पेट्रोल उतरतं. आणि उन्हाळ्यातही फायदा नाही: चांगला थर्मोस्टॅट गरम इंजिनात पूर्ण उघडलेलाच असतो, त्यामुळे तो काढून थंडावा वाढत नाही. शंका असेल तर काढून पातेल्यात दोऱ्याने टांगा, तळाला टेकू देऊ नका, पाणी तापवा. त्यावर उघडण्याचं तापमान कोरलेलं असतं, सहसा ८२ किंवा ८८. त्या आकड्याजवळ उघडायला सुरुवात होऊन पाणी उकळेपर्यंत तो पूर्ण उघडला पाहिजे. नवीन टाकताना तोच आकडा आणि बरोबर नवं गॅस्केट.

तांबूस पाणी म्हणजे गंज. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असेल तर साध्या पाण्याने तो आतून गंजतो. त्यात बोअरचं पाणी पडलं असेल तर क्षारही. आपल्याकडच्या कूलरच्या गवताच्या ताट्या एका उन्हाळ्यात पांढऱ्या, कडक होतात ना, तेच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून होतं, फक्त दिसत नाही. तपासायला इन्फ्रारेड थर्मामीटर आणा. इंजिन पूर्ण गरम झालं की ते बंद करा, पंखा थांबल्याची खात्री करा आणि रेडिएटरच्या जाळीवर आडवं-उभं मोजत जा. तापमान एका टोकाकडून दुसरीकडे सावकाश उतरायला हवं. मधेच एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा दहा-पंधरा अंशांनी थंड लागला तर त्या नळ्यांतून पाणी जात नाही. चकचकीत ॲल्युमिनियमवर हे यंत्र खोटा, कमी आकडा दाखवतं. तिथे काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या टाक्या उघडून, सळई घालून नळ्या साफ करता यायच्या. ॲल्युमिनियम आणि प्लास्टिकच्या टाकीवाल्यात ते जमत नाही, बुजला की बदलायचाच. कॉस्टिक सोडा किंवा संडास धुण्याचं ॲसिड आत टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, दोन्ही ॲल्युमिनियम खातात.

रेडिएटरच्या टोपीकडे दुर्लक्ष नको. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बारमधला दाब. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, ०.९ बारच्या टोपीखाली ११८ च्या आसपास. तळचं रबर कडक झालं, चिरलं की दाब धरत नाही आणि काटा पाऊण भागावर असतानाच पाणी उकळायला लागतं. इंजिन थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला दिसला तर टोपीच्या मधला छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. मूळ टोपीवर जो आकडा तोच घ्या, जास्त दाबाची टोपी लावली तर जुना होज किंवा प्लास्टिकची टाकी फुटेल.

वर्धारोडवाला

सांगितलं तसं मोजलं. पंखा फिरतो, दिशा बरोबर, पण कागद चिकटत नाही, नुसता फडफडतो. इंजिन चालू, एसी चालू असताना बॅटरीवर १३.६ व्होल्ट, पंख्याच्या वायरींवर ११.२. मधली फट उघडून पाहिली, बरीच घाण होती, ती धुतली. त्यानंतर कागद चिकटतो, पण सैल. रेडिएटरवर थंड पट्टा कुठे सापडला नाही.

तेल_पाणी_हवा

२.४ व्होल्ट वाटेत जळून राहिले. आता ते कुठे जातात ते शोधा. पंखा फिरत असताना मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर, दुसरी पंख्याच्या काळ्या वायरीवर. इथे ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. मग एक सुई धन टर्मिनलवर, दुसरी पंख्याच्या दुसऱ्या वायरीवर: इथला आकडा म्हणजे फ्यूज, रिले आणि कनेक्टर यांनी मिळून खाल्लेले व्होल्ट.

अर्थिंग असेल तर काळी वायर बॉडीला जिथे बोल्टने लावली आहे ती जागा उघडा. बॅटरीची ऋण वायर आधी काढा. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, वायरीचं टोक हिरवं पडलं असेल तर कापून नवीन गोल लग दाबून बसवा, घट्ट करा, वरून पेट्रोलियम जेली. धन बाजूचा दोष असेल तर कनेक्टर पाहा: प्लास्टिक तपकिरी झालंय, पिन सैल झाल्यात, तर तोच. निव्वळ पिन घासून तो महिनाभरही टिकत नाही, कनेक्टर बदला आणि किमान २.५ चौरस मिमीची वायर वापरा. रिलेचे पायही गरम लागतात का पाहा.

हे सगळं करून फरक अर्ध्या व्होल्टच्या आत आला आणि तरी कागद सैलच राहिला, तरच मोटर बदला.

बोअरचं_पाणी_नको

रेडिएटर वाचला, चांगलं झालं. आता पाणी बदला. आधी एक खात्री: थंड इंजिन, टोपी काढून सुरू करा आणि तोंडाशी पाहा. सुरुवातीला दोन-चार बुडबुडे ठीक. एकसारखे येत राहिले, किंवा टोपी लावून थंड इंजिन चालू केल्यावर दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅस्केटमधून गॅस पाण्यात येतोय. डिपस्टिक आणि ऑइलची टोपीही पाहा, दुधी चिखल नको. तुमचं पाणी कमी होत नाही, म्हणजे बहुधा तो प्रश्न नाही. पण कधी हेड उघडायची वेळ आलीच तर नुसतं गॅस्केट टाकून बंद करू देऊ नका. सरळ पट्टी आणि फीलर गेजने हेडची पातळी तपासायला लावा, ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर आधी फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं.

बुडबुडे नसतील तर इंजिन थंड असताना रेडिएटरची तळची चावी उघडून पाणी भांड्यात काढा. ब्लॉकमध्ये बरंच उरतं, म्हणून एकदा काढून भागत नाही. साधं पाणी भरा, हीटरचा दांडा पूर्ण गरमकडे, इंजिन होज गरम होईपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. शेवटची खेप डिस्टिल्ड पाण्याची, बॅटरीत टाकायचं मिळतं ते.

आता इथे बरेच जण चुकतात. ब्लॉकमध्ये अजून निव्वळ पाणी आहे. त्यावर तयार मिसळलेलं कूलंट ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून कॉन्सन्ट्रेट आणा, गाडीच्या पुस्तकात एकूण क्षमता पाहा, तिच्या निम्मं कॉन्सन्ट्रेट आधी ओता आणि उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. हिरवं आणि नारिंगी एकत्र करू नका.

भरताना हवा अडकते. गाडीचं तोंड थोडं उंचावर ठेवा, टोपी काढलेली, हीटर गरमकडे, इंजिन आयडलवर. पातळी उतरली की भरा. वरचा होज गरम होऊन पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबा, मग टोपी, बाटली खुणेपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात परत पातळी पाहा, थोडी उतरतेच. हिरवं कूलंट दोन वर्षांनी बदला.

काढलेलं पाणी नालीत किंवा अंगणात ओतू नका. कूलंट चवीला गोड असतं, कुत्री आणि गाई चाटतात आणि मरतात. बंद डब्यात भरून मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा.

पाणी बदलण्याआधी पंख्याचं काम पुरं करा. तोवर सिग्नलवर काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर चारवर, काचा खाली. मेमध्ये त्रास होईल, पण हीटरही एक छोटा रेडिएटरच आहे. तरी काटा लाल पट्ट्याला टेकला तर सावलीत घेऊन इंजिन बंद करा, बोनेट उघडा आणि किमान अर्धा तास टोपीला हात लावू नका.